जुन्या जीपचा जमाखर्च

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘टिकलेल्या वस्तू’ हे सूत्र कळविले, तेव्हा देवघरातील समई किंवा भिंतीवरचे घड्याळ यांच्याही आधी माझ्या मनात आली ती जीप. कारण जिची घडण मुळात टिकण्यासाठी झालीच नव्हती, रणभूमीवर काही काळ राबून मोडून पडावे एवढीच जिच्या निर्मात्यांची तिच्याकडून अपेक्षा होती, ती गाडी आपल्या मुलखात पन्नास-साठ वर्षे वापरात राहावी, ही गोष्ट मला अत्यंत विस्मयकारक वाटत आली आहे. म्हणून कोल्हापूरचे उद्यमनगर, पुण्याची नाना पेठ, वाईपलीकडचे धोमचे खोरे आणि दापोलीचा किनारा अशा ठिकाणी जाऊन मी जुन्या जीपगाड्या, त्यांचे मालक आणि विशेषेकरून त्यांचे मिस्त्री यांच्या संगतीत वेळ घालविला. अशा गाडीत नेमके काय बिघडते, का बिघडते आणि तिला चालती ठेवण्यासाठी माणसाला किती पैसा व किती लक्ष वेचावे लागते, एवढेच मला जाणून घ्यावयाचे होते.

कचेरीच्या दारातून शेताच्या बांधावर

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या तयार केल्या. 1945 साली लुधियानात जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्र बंधू व मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी एक पेढी स्थापन केली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले; इकडे पेढीचे नाव 1948 मध्ये महिंद्र आणि महिंद्र असे झाले, आणि तिने मुंबईत माझगावला विलीजच्या जीपगाड्या जोडण्याचे काम हाती घेतले. उंच बॉनेटची ‘सीजे थ्री बी’ ही 1953 मधली घडण; अमेरिकेत ती 1968 साली बंद झाली, आपल्याकडे मात्र किरकोळ फेरफार होत होत त्यानंतरही दीर्घकाळ निघत राहिली.

तिचा पहिला मोठा धनी म्हणजे सरकार. 2 ऑक्टोबर 1952 रोजी समूह विकास योजनेचा आरंभ झाल्यावर गटविकास अधिकाऱ्याच्या दारात जीप आली. 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर ती आणखी खोलवर पोहोचली. प्रांत, मामलेदार, पाटबंधारे, वन, आरोग्य अशा सर्व खात्यांची फिरती तिच्याच चाकांवर झाली. जेथे सडक संपे तेथून सरकार जीपमध्ये बसून पुढे जाई, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामांवर हजेरीपट घेऊन जाणारी हीच गाडी होती. तिची नोंदवही असे, तिचा नेमलेला चालक असे, आणि किती मैलांवर तेल बदलले याची टीप त्या वहीत पडत असे.

मग यथाकाल ‘निर्लेखन’ होई, कचेरीच्या आवारात लिलाव पुकारला जाई, आणि बागायतदार, दूधवाला, ऊसतोडीचा मुकादम किंवा वडापवाला ती बोली लावून घेई. महाराष्ट्रातील जुन्या जीपगाड्यांचा फार मोठा हिस्सा या वाटेने जनतेकडे आला आहे. ती वाट आता बंद झाली आहे. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनाची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून पुढे चालू ठेवता येत नाही, ते मान्यताप्राप्त केंद्रात मोडीत काढावे लागते. त्यामुळे आज ज्या गाड्या खासगी मालकीत आहेत त्यांत सरकारी दारातून नवी भर पडणार नाही. ज्या आहेत त्याच सांभाळावयाच्या, हा या सबंध विषयाचा पाया आहे.

छोटा गिअर

धोमच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याने मला त्याच्या जीपमध्ये बसवून माळावरच्या वाडीपर्यंत नेले. आदल्या रात्री पाऊस झालेला, वाट तांबड्या चिखलाची, मागे खताच्या पोत्यांची थप्पी. चढाच्या तोंडाशी तो थांबला, दोन आखूड लिव्हर ओढले, आणि एरवी खडखडाट करणारी ती गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, एकदाही चाक न घसरता वर चढली. या कामासाठी आजही तिला स्वस्त पर्याय नाही, हे त्या चढावर पटते. आणि तिच्या दुखण्यांचे मूळही त्याच दोन लिव्हरांत आहे, हे खाली उतरल्यावर मिस्त्रीने पटवून दिले.

गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली दुसरी लहान पेटी इंजिनाचे बळ पुढच्या व मागच्या अशा दोन्ही धुऱ्यांकडे वाटते. जुन्या जीपमध्ये या दोन धुऱ्यांच्या मध्ये तडजोड करणारे कोणतेही यंत्र नाही. फोर व्हील लावले की दोन्ही धुरे एकमेकांशी कुलूप घातल्यासारखे बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. चिखलात हा फरक चाक थोडे घसरून भरून निघतो, परंतु कोरड्या डांबरी सडकेवर चाक घसरू शकत नाही, आणि तो सारा पीळ शाफ्टचे क्रॉस, पेटीतील दाते आणि धुऱ्यातील क्राऊन-पिनियन यांच्यावर साठत जातो. ‘फोर व्हीलला गाडी जास्त घट्ट धरते’ अशा समजुतीने घाटातल्या कोरड्या सडकेवर लिव्हर ओढून ठेवणारे मालक स्वतःच्या हाताने आपल्या गाडीचे दात पाडीत असतात. याच्या उलट, जे वर्षानुवर्षे फोर व्हील लावीतच नाहीत त्यांच्या गाडीत लिव्हरचे दांडे गंजून जाम होतात आणि पुढच्या धुऱ्यातील तेल तसेच पडून राहते. महिन्यातून एकदा मातीच्या वाटेवर काही अंतर फोर व्हील लावून चालवावे, एवढाच यावरचा उपाय. त्याला पैसा पडत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. जुन्या पेट्रोल जीपच्या धुऱ्याचे प्रमाण 5.38 आहे, म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी शाफ्टला पाच पूर्णांक तीन-अष्टमांशाहूनही किंचित अधिक फेरे घ्यावे लागतात. मूळ मापाच्या टायरवर ताशी 80 किलोमीटरचा वेग गाठला की इंजिन मिनिटाला तीन हजारांहून अधिक फेरे घेत असते, आणि ज्या इंजिनाची सारी गोडी मंदगतीच्या जोरात आहे त्याला अशा गतीने तासन्‌तास पळविणे म्हणजे त्याचे आयुष्य सडकेवर सांडणे होय. पुणे-कोल्हापूर महामार्गावर नव्या गाड्यांबरोबर धावू पाहणाऱ्या जीपचे इंजिन जितक्या लवकर बांधावयास येते, तितक्या लवकर दिवसभर माळावर राबणाऱ्या जीपचे येत नाही, असा अनुभव मला एकाहून अधिक मिस्त्र्यांनी सांगितला, आणि वरचा हिशेब पाहता तो खरा असला पाहिजे.

डुलणारे चाक

जुनी जीप घेणाऱ्याला सर्वांत भय वाटते ते पुढची चाके अकस्मात डुलू लागण्याचे. ताशी पन्नासाच्या आसपास एखादा खड्डा लागतो, स्टेअरिंग हातात थडथडू लागते, आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते थांबत नाही. उद्यमनगरातील एका वयोवृद्ध मिस्त्रीने अशीच एक जीप जॅकवर घेतली होती. त्याने मला खाली बसावयास सांगितले आणि एकेक सांधा हाताने हलवून दाखविला.

“ह्यो दांडा हलवून बघा, सायेब. हितं एवढंसं, तितं एवढंसं. समदं मिळून चाकापतोर केवढं झालं? आन्‌ मालक म्हनतो, येकच काय ते बदला.”

त्याच्या या बोलण्यात या दुखण्याचे सारे निदान आले आहे. स्टेअरिंगच्या पेटीपासून चाकापर्यंत बेलक्रँकचा बुश, टायरॉडचे बॉल, किंगपिनच्या बेअरिंगा, पाट्यांचे बुश आणि शॅकल अशी सांध्यांची लांबलचक साखळी आहे. प्रत्येक सांध्यातील झीज स्वतंत्रपणे क्षम्य वाटते, परंतु तिची बेरीज चाकापाशी होते. मालक एक बॉल बदलतो, गाडी आठवडाभर बरी चालते, मग पुन्हा डुलते; मग कोणी तरी स्टेअरिंगला डँपर लावण्याचा सल्ला देतो, आणि डँपर रोग झाकून ठेवतो. वस्तुतः हे सर्व भाग एकाच वेळी बदलले, किंगपिनखालच्या पातळ पत्र्यांच्या चकत्या मोजून बसविल्या, पाट्यांचे बुश नवे घातले आणि चारही टायर एका मापाचे ठेवले, तर आजच्या भावाने दहा-पंधरा हजारांच्या आसपास खर्च येतो व अनेक वर्षे पाहावे लागत नाही; तुकड्या-तुकड्याने केलेल्या दुरुस्तीचे पैसे याच्या दुपटीला पोहोचतात आणि चाक डुलत ते डुलतच राहते. जुन्या जीपच्या बहुतेक खर्चांची रीत हीच आहे.

याच सांध्याजवळ दुसरे एक नित्याचे दुखणे आहे. पुढच्या चाकाचा वळणारा सांधा एका पोकळ लोखंडी गोळ्यात बंद असतो. त्याच्या तोंडावरचे नमद्याचे आणि रबराचे सील झिजले की आतील वंगण बाहेर गळते, बाहेरचे पाणी आत शिरते, गोळ्याचा पृष्ठभाग गंजून खडबडीत होतो आणि तो खडबडीत पृष्ठभाग नवे सीलही काही महिन्यांत कापून काढतो. म्हणून नुसते सील बदलून भागत नाही, गोळा घासून गुळगुळीत करावा लागतो. घाईचा कारागीर ही पायरी गाळतो.

ग्रीस हा या सर्वांवरचा खरा राखणदार. मूळ पुस्तिकांत दर हजार मैलांनी ग्रीस मारावयाच्या जागांचा नकाशाच दिलेला असे, आणि सरकारी चालक तो पाळीत. आताच्या गॅरेजांतून ग्रीस मारणारा मुलगा दिसणाऱ्या निप्पलांवर पंप लावतो. स्टेअरिंगखालचे व शाफ्टच्या आतल्या अंगाचे निप्पल मातीच्या थराखाली तसेच राहतात. मालकाने स्वतः खाली वाकून ते मोजून घेतले पाहिजेत.

थांबविण्याची व्यवस्था

ब्रेकविषयी मी किंचित कठोरपणे लिहिणार आहे, कारण येथे प्रश्न पैशाचा नाही. जुन्या जीपच्या चारही चाकांचे ब्रेक एकाच नळीच्या मार्गावर असतात. कोणत्याही एका चाकाचा सिलिंडर गळाला, एक नळी फुटली, की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. मुख्य पंप चालकाच्या पायाखाली, फळीच्या खालच्या अंगाला असतो, आणि त्यात तेल घालण्यासाठी उघडावयाचे झाकण धूळ-चिखलात माखलेले असल्याने ते उघडण्याचा कंटाळा केला जातो. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते. ती ओल सिलिंडराला आतून गंजवते आणि गंजलेला सिलिंडर रबरी कप खातो. दर दोन वर्षांनी सारे तेल काढून नवे भरावे आणि एअर काढावी; खर्च काही शेकड्यांचा.

हातब्रेकही या गाडीत चाकांना नसून मधल्या पेटीच्या मागे शाफ्टवर बसविलेल्या ड्रमला असतो. पेटीचे मागचे सील गळू लागले की ते तेल थेट त्या ड्रममध्ये जाते, आणि चढावर उभी केलेली गाडी हळूहळू मागे सरकू लागते. शाफ्टचा क्रॉस तुटला तर हातब्रेकही त्याच्याबरोबर निरुपयोगी होतो. घाटात जीप थांबविताना चाकाखाली दगड लावण्याची जुन्या चालकांची सवय याच ज्ञानातून आली होती, आणि ती सोडू नये. ओढ्यातून गाडी काढल्यावर काही अंतर ब्रेक हलका दाबून ड्रम कोरडे करावेत, हीदेखील त्यांचीच शिस्त.

किनाऱ्यावरचा गंज

दापोलीजवळ एका निवृत्त गृहस्थांच्या आंबा-काजूच्या बागेत असलेली जीप दुरून पाहता रंगाने झळकत होती. त्यांनी चालकाच्या बाजूची रबरी चटई उचलली, आणि खालच्या पत्र्यातून जांभा दगडाची वाट दिसली. “अहो, इंजिनाचं कौतुक सगळेच करतात,” ते म्हणाले, “पण इंजिन ज्यात ठेवायचं ते लोखंडच राहिलं नाही तर कौतुक कुठे ठेवायचं?”

जीपचा पत्रा साधा, दुमडी उघड्या, आतील बाजूस रंगाचा हात पातळ. बैठकीच्या खाली आधारासाठी ज्या पन्हाळीसारख्या पट्ट्या असतात त्यांत मुळात लाकडाच्या चिपा घातलेल्या असत. ते लाकूड पावसाचे पाणी धरून ठेवते आणि पट्टी आतून सडते, वरून मात्र काही दिसत नाही. समुद्राची हवा आणि पुळणीवरून चाकांनी उडविलेले खारे पाणी या सडण्याची गती वाढविते. पत्रा सडला तर नवा घालता येतो. कोल्हापूर, पुणे येथे सबंध नवी बॉडी घडवून देणारे पत्राकाम करणारे कारागीर आहेत, आणि तिला एक-दीड लाखापर्यंत खर्च सांगतात. धोका आहे तो चासीचा. पाट्यांची कडी जेथे चासीला जोडलेली असते त्या जागा आणि पुढची आडवी पट्टी येथे गंज खोल गेला असेल, तर वरून पट्टी मारून केलेली जोडणी एका दिवशी भर वेगात सुटते, आणि चासीवर कोरलेला क्रमांकच खाऊन गेला असेल तर त्या गाडीची सरकारदरबारी ओळखच संपते.

त्या गृहस्थांचा उपाय साधा आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याचा जोरदार झोत चासीच्या आतून-बाहेरून मारावयाचा, गाडी उन्हात पूर्ण वाळवावयाची, आणि वापरलेल्या तेलाचा पातळ हात सर्व सांध्यांवर फिरवावयाचा. हे जर त्यांनी आधीच्या मालकाकडून घेताक्षणी सुरू केले असते तर चटईखालचे ते भोक पडले नसते, असे ते स्वतःच म्हणाले.

इंजिन बांधणे

इंजिनाविषयी लोकांना जेवढी चिंता वाटते तेवढी ती करण्याचे कारण नाही. पेट्रोलवर चालणारे जुने विलीज इंजिन सुमारे 2.2 लिटरचे, उंच बॉनेटच्या गाडीत त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये, अशी विलक्षण मांडणी आहे. लेथ, बोअरिंग मशीन आणि सुजाण हात असतील तेथे ते पुनःपुन्हा बांधता येते. सिलिंडर झिजला की एका इंचाच्या हजाराव्या भागाच्या मापाने दहा, वीस, तीस असे बोअर मोठे करीत जावयाचे, आणि ती मर्यादा संपली की लायनर घालून पुन्हा पहिल्या मापावर यावयाचे. सर्व मिळून साठ हजारांपासून लाखापर्यंतचे हे काम. परंतु नीट धावविलेल्या गाडीत ते पिढीतून एकदा येते.

पेट्रोल जीपला आज छळणारी व्याधी निराळी आहे. लिटरला सात-आठ किलोमीटर ही तिची चाल आधीच खिशाला जड. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, आणि ज्या काळात या गाड्यांच्या रबरी नळ्या, पंपाचे पडदे व कार्बोरेटरचे गॅसकेट घडविले गेले त्या काळात या मिश्रणाचा विचारही कोणी केला नव्हता. नळ्या फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. इथेनॉल ओल धरून ठेवीत असल्याने महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. उंच बॉनेटच्या गाडीत ती टाकी चालकाच्या बैठकीखाली असते, हे लक्षात घेतले म्हणजे चिरलेल्या नळीकडे दुर्लक्ष करणे हा किती भयंकर अविचार आहे ते कळेल. इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या नळ्या बाजारात मिळतात. सर्व नळ्या एकदम बदलून घ्याव्यात.

डिझेल जीपचे, विशेषतः प्यूजो इंजिनाच्या ‘एमएम 540’ जातीच्या गाडीचे, दुखणे तापण्याचे आहे. रेडिएटर गाळाने बुजतो, पाणी फिरत नाही, हेड वाकते, गॅसकेट जाते. मालक गॅसकेट बदलतो, रेडिएटर तसाच ठेवतो, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच. हेड उघडले की त्याचे फेसिंग तपासावे आणि रेडिएटर सोडवून त्याच्या नळ्यांतून रॉड मारून घ्यावा. या दोन गोष्टी एकत्र न करणारा मिस्त्री बदलावा, असे मी निःसंकोचपणे सांगेन. डिझेलचा पंप डिझेलनेच वंगण घेतो, म्हणून कॅनमधले गढूळ डिझेल त्यात घालणे म्हणजे हजारोंचा पंप शंभर रुपयांच्या फिल्टरसाठी घालविणे.

पेठ आणि लेथ

नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत आजही जीपचा क्रॉस, किंगपिनचा संच, ब्रेकचे कप मागितले तर दुकानदार वर न पाहता फळीवरून काढून देतो. दिल्ली आणि पंजाबात हे भाग घडविणारे कारखाने आहेत, आणि त्यांचा माल परदेशातील जीपप्रेमींकडेही जातो. तेव्हा भाग मिळत नाहीत ही तक्रार या गाडीपुरती खरी नाही. खरी तक्रार धातूच्या प्रतीची आहे. नवा किंगपिन वर्षभरात झिजतो, नवे सील महिन्यात गळते, आणि याचे कारण कच्चे पोलाद व हलके रबर हेच असते. जाणता मिस्त्री म्हणूनच जुना, मूळ कारखान्याचा भाग फेकीत नाही. तो लेथवर नीट करून, बुश घालून पुन्हा वापरतो, आणि मालकाला ते कंजूषपणाचे वाटते. ओतशाळा, लेथ, गिअर कापणारी यंत्रे एकाच आवारात असल्याने उद्यमनगरासारख्या वसाहतीत हे काम अजून होते. अन्यत्र ते करणारे हात वेगाने कमी होत आहेत. त्या वयोवृद्ध मिस्त्रीच्या हाताखालची मुले संगणक लावून दोष शोधणाऱ्या गाड्यांकडे वळली आहेत, आणि त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्यात मिळकत अधिक आहे. पुढच्या वीस वर्षांत जीप बंद पडली तर ती भागांअभावी पडणार नाही, कानाने झीज ओळखणाऱ्या माणसाअभावी पडेल.

हरयाणातील डबवालीकडे सजवून घडविलेल्या जीपगाड्यांचा मोह अनेकांना होतो. रुंद टायर, उंच केलेले पाटे, दुसऱ्याच गाडीचे इंजिन, अशी ती गाडी दिसावयास आकर्षक असली, तरी कारखान्याने दिलेल्या मूळ घडणीत फेरबदल करता येत नाही असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिला आहे. शिवाय रुंद टायरांचा भार अरुंद टायरांसाठी घडविलेल्या किंगपिनवर पडतो, आणि वर वर्णिलेले डुलणे तेथून सुरू होते.

दप्तरातील वय

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी गाडी परिवहन कार्यालयात दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. एप्रिल 2022 पर्यंत या नूतनीकरणाची फी सहाशे रुपये होती, ती तेव्हा 5,000 झाली. आणि ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने वीस वर्षांहून जुन्या हलक्या मोटारींसाठी ती 10,000 रुपयांवर गेली. त्यावर पर्यावरण कर, विम्याचा हप्ता आणि नव्या धर्तीची नंबरपाटी. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांचे डिझेल व पंधरा वर्षांचे पेट्रोल वाहन रस्त्यावरून हटविण्याचे जे आदेश निघाले, तसा सरसकट निर्बंध महाराष्ट्रात नाही. पन्नास वर्षांवरील आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीसाठी 2021 पासून पुरातन वाहनाची स्वतंत्र नोंदणी आहे. परंतु तिच्याखाली गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, म्हणून प्रदर्शनात मिरविणाऱ्याला ती सोयीची, धोमच्या शेतकऱ्याला निरुपयोगी. ज्याची जीप खताची पोती वाहते त्याच्यावर, जिला फिरत ठेवण्याने कोणाचेही नुकसान नाही अशा माळावरच्या गाडीवर, शहरी मोटारीच्या बरोबरीने दहा हजारांचा बोजा घालणे मला न्यायाचे वाटत नाही; फी ठरविताना गाडी कोठे आणि किती धावते याचा विचार व्हावयास हवा होता.

वर्षाचा ताळेबंद

शेतावर राबणाऱ्या, नीट स्थितीतील जीपचा वर्षाचा देखभालखर्च, इंधन व विमा वगळून, पंचवीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान येतो असे मालकांच्या वह्यांवरून दिसते. त्यात तेल, ग्रीस आणि फिल्टर यांचा वाटा सर्वांत लहान असतो, आणि ज्या वर्षी तो वाटा टाळला त्याच्या पुढच्या वर्षी बाकीचे आकडे फुगलेले असतात. उपेक्षित गाडी घेतली तर पहिल्याच वर्षी दीड-दोन लाख बाजूला काढून ठेवावेत.

ज्यांना अशी गाडी घ्यावयाची आहे त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकण्यापूर्वी चटया उचलून पत्रा पाहावा, चासी हातोडीने ठोकून ऐकावी, त्यावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून घ्यावा आणि नूतनीकरणाची मुदत किती उरली आहे ते वाचावे. एवढे जमले तर मग आपल्या गावापासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा अंतरावर जीप जाणणारा मिस्त्री आहे की नाही याची चौकशी करावी. तो नसेल, आणि पाना हातात धरण्याची आपली तयारी नसेल, तर ती जीप घेऊ नये.